इनास रुमावचा अंगठा

आधी त्याचा अंगठाच आठवतो.
स्पंजच्या ओल्या डबीत बुडून
तीस वर्षं नोटांवरून चालून
इतका गुळगुळीत झालेला
की रेशनच्या यंत्रावर उमटायचा नाही.
"वर ठसा लागत नाही," तो म्हणायचा,
"तिथे आवाजावरून ओळखतात."

जांभळी नाक्याजवळच्या पतपेढीत
गजांमागे इनास रुमाव.
फुलवाल्यांच्या नोटा ओल्या,
मसालेवाल्यांच्या पिवळ्या,
होडीवाल्याच्या चुरगळून गोळा झालेल्या.
हा सगळ्यांची तोंडं एका दिशेला करायचा,
मग दोनदा मोजायचा.
तिसऱ्यांदा फक्त गरिबाच्या.

शनिवारी दुपारी
टेबलाखालच्या पिशवीतून खाकी निघायची.
होमगार्ड. पलटणनायक.
बिल्ल्यावर निष्काम सेवा,
आणि भत्ताही तसाच,
दिवाळीचा गुड फ्रायडेला येणारा.
मैदानावर हा "दक्ष" म्हणाला की
साठ टाचा एकदम जुळत;
घरी मात्र रेजिनाबाईंना विचारून
दुसरा कप चहा घ्यायचा.

विसर्जनाला मासुंद्यात गुडघाभर पाण्यात उभा,
कमरेला दोर, दातांत शिट्टी.
मूर्ती बुडताना टोपी काढायचा.
कुणीतरी जाऊन फादरच्या कानी घातलं.
फादरनी विचारलं.
"पाहुणा निघाला, फादर," इनास म्हणाला,
"आमच्या आईनं एवढंच शिकवलं."

आणि ती कर्फ्यूची रात्र.
गल्लीच्या तोंडाशी लाठी आडवी धरून हा एकटा.
समोरच्या गर्दीत निम्मे त्याचेच खातेदार.
त्यानं एकेकाचं नाव घेतलं,
वडिलांच्या नावासकट, खातेक्रमांकासकट.
ज्याचं नाव पुकारलं जाई
त्याचा हात आपोआप खाली येई.
सोमवारी पतपेढी नेहमीप्रमाणे दहाला उघडली.
तो काही बोलला नाही, ते तर नाहीच.
लाठीला तडा गेला होता.
सुतळी गुंडाळून तीच वापरली त्यानं
निवृत्त होईपर्यंत.

आता माझं.

मला नाक्यावर कुणीतरी खपवलेली
शंभराची खोटी नोट
मी चार घड्या घालून
रविवारी दानाच्या थाळीत टाकली.
देवाचं काय जातंय, असा हिशेब.
मिस्सा संपल्यावर वेदीमागच्या खोलीत
तो दान मोजत बसला होता.
दारातून मी पाहिलं:
अंगठा थांबला.
नोट उजेडाकडे नेलीसुद्धा नाही त्यानं.
फाडली, तुकडे खिशात टाकले,
पाकिटातून स्वतःची शंभराची काढली,
गठ्ठ्यात ठेवली,
तोंड त्याच दिशेला करून.

पुढच्या रविवारी थाळी माझ्यापुढे आली
आणि किंचित रेंगाळली.
कडेवर तो अंगठा.
मी दोनशे टाकले.
बाहेर तलावाच्या कठड्याशी
त्यानं मला गाठलं,
एक शंभराची माझ्या खिशात सारली.
"व्याज नको," म्हणाला,
आणि परेडला उशीर होतोय म्हणून
सायकलवर टांग टाकली.

भस्म बुधवारनंतर आठच दिवसांनी गेला.
पेटीवर खाकी टोपी.
पतपेढीनं पाठवलेल्या हाराच्या फितीवर
रुमाव चुकीचं लिहिलेलं;
त्यानं लाल शाईनं गोल केला असता.
बोटांत जपमाळ गुंडाळलेली होती.
तिचा एक मणी अंगठ्याखाली असा,
जणू मोजणी अजून पुरी व्हायची आहे.
पलटणीतल्या सहा जणांनी खांदा दिला.
त्यात एक त्या रात्रीच्या गर्दीतला.

थाळी आता माझ्याकडे असते.
मला स्पर्शावरून कळत नाही काही.
खरी, खोटी, ओली, पिवळी,
सगळ्या सारख्याच लागतात.
परवा रेशनच्या दुकानात
यंत्रावर अंगठा ठेवला
तर पहिल्याच वेळी उमटला.
दुकानदार म्हणाला, वा.
मला जरा लाजच वाटली.